अप: पहिली दहा मिनिटं काळजात घुसतात, मग एकदम विमान चालवणारी कुत्री??

पावशेर:
रविवारी पोरीला (वय साडेसहा) घेऊन पिक्सारचा अप हा अ‍ॅनिमेशन पिक्चर परत बघितला. 2009 ला आला तेव्हा कॉलेजात होतो, फुगे आणि कुत्री एवढंच लक्षात राहिलं होतं. आता ती कार्ल-एलीच्या संसाराची चार मिनिटं, एक डायलॉग नाही, नुसतं मायकल जियाकिनोचं म्युझिक, आणि त्यात सगळा जन्म. दक्षिण अमेरिकेतल्या पॅरडाइज फॉल्स धबधब्याला जायचं म्हणून बरणीत चिल्लर साठवतात आणि दरवेळी फोडावी लागते, कधी गाडीचं टायर, कधी त्याचा पाय मोडला, कधी झाड छपरावर. बायको सरळ रडत होती, मी पंख्याकडे बघत बसलो, आणि पोरगी विचारतेय "बाबा, त्यांना बाळ का नाही झालं?"

पण एली गेल्यावर कार्ल घराला फुगे बांधून उडतो, आणि दक्षिण अमेरिकेत पोचल्यावर काय होतं कळत नाही. 78 वर्षांचा काठी टेकणारा म्हातारा बागेतल्या पाइपाने अख्खं घर खांद्यावरून ओढतोय, कुत्री गळ्यातल्या पट्ट्यातून बोलतायत, स्वयंपाक करतायत, वर विमानं चालवतायत. मला दोन वेगळे पिक्चर चिकटवल्यासारखे वाटले. माझ्या एकट्यालाच असं होतं का? आणि एवढ्या लहान मुलांना दाखवावा का?

कोकणचो_झील:
हजारो फुग्यांनी घर उडालं ते चाललं आणि कुत्र्याने विमान चालवलं ते नाही चाललं होय 😄 साधा हेलियमचा फुगा जेमतेम 10-15 ग्रॅम उचलतो, म्हणजे खऱ्या घराला लाखोंनी लागतील, पडद्यावर उडतं तेव्हा वीस हजारच्या आसपास आहेत. 2011 मध्ये नॅशनल जिओग्राफिकवाल्यांनी मुद्दाम हलकं घर बांधून 300 मोठे वेदर बलून लावून उडवलंही होतं, दहा हजार फुटांच्या वर गेलं. तेव्हा लॉजिक सोडा. डग कुत्रा बोलता बोलता मधेच "खार!" म्हणून थबकतो तो कुठल्याही खऱ्या कुत्र्यापेक्षा जास्त कुत्रा आहे, आमचा मोती सेम.

सायली_पुणे:
कुत्र्यांचं मला काही नाही, माझा राग मन्ट्झवर आहे. कार्ल शाळकरी पोर असताना हा नावाजलेला एक्स्प्लोरर, म्हणजे आता नव्वदीच्या पुढे हवा, आणि तलवार घेऊन मारामारी करतोय! (दोघांच्या पाठी एकदम कडकन वाजतात तिथे हसले, ते कबूल.) पण खरं दुखणं वयाचं नाहीये. हा माणूस म्हणजे कार्लचं पुढचं रूप आहे ना, एका पक्ष्यापायी जन्म घालवला, कुणावर विश्वास नाही, कार्ल घराला तसाच चिकटून बसलाय. केवढं सापडलं होतं हातात, आणि दोनचार सीनमध्ये त्याचा नेहमीचा व्हिलन करून वरून खाली टाकून दिला. ते पडणंही लहान मुलांसमोर जरा जास्तच होतं.

आणि अजून एक, कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. एली लहान असताना नुसती बडबड बडबड, मोठी झाल्यावर तिला एक वाक्य नाही. नवऱ्याच्या गोष्टीला सुरुवात व्हावी म्हणून बायकोने जायचं, हे आपण किती पिक्चरमध्ये बघायचं?

निवृत्त_नाना:
सायलीताई, मन्ट्झचं शंभर टक्के मान्य. एलीचं अर्धंच. तिच्या वहीतलं "मी करणार असलेल्या गोष्टी" हे पान कार्ल कोरं समजून कधी उलटतच नाही, आणि शेवटी उलटतो तर पुढे त्यांच्या संसाराचेच फोटो. म्हणजे तिच्या लेखी सफर होऊन गेली होती, हाच उगाच अपराधी वाटून घेत होता. बोलली नाही पण शेवटचा शब्द तिचाच आहे की.

पावशेर, तुम्ही म्हणता दुसरा पिक्चर सुरू होतो. पण तेवढं वही मिटल्यानंतरचं बघा. घर वर उचलत नाही म्हणून तो सगळं सामान बाहेर फेकतो, कपाट, फ्रीज, भांडीकुंडी. दोघांच्या त्या दोन खुर्च्या मात्र फेकलेल्या नाहीत, कड्यावर शेजारी शेजारी नीट ठेवलेल्या दिसतात. कॅमेरा थांबतही नाही तिथे फार. आमच्याकडे हिची खुर्ची गॅलरीत आहे, सून दोनदा म्हणाली भंगारात देऊ. मी हा पिक्चर नातवाबरोबर बघितला, त्यानंतर मीच ती खाली वॉचमनला बसायला दिली. असो.

सायली_पुणे:
नाना 🙏 वहीचं पटलं. तरी एक वाक्य द्यायला हवं होतं तिला.

आईबाबा_ऑनड्यूटी:
साडेसहाला दाखवायला हरकत नाही, फक्त सोबत बसा, मोबाईल हातात देऊन सोडून देता तसं नको. माझ्या मुलाला हॉस्पिटलचा सीन समजलाच नाही, कुत्र्यांनी पाठलाग केला तिथे घाबरून मांडीवर आला. उलट मला भीती होती ती रसेलच्या (कार्लबरोबर घरातून उडून गेलेला तो लहान पोरगा) बाबांची. ते त्याच्या बॅजच्या कार्यक्रमाला येत नाहीत आणि पिक्चर त्याचं काही कारण देत नाही, शेवटी कार्ल बॅज लावतो आणि दोघं फुटपाथवर बसून आइस्क्रीम खात लाल-निळ्या गाड्या मोजतात. आमच्याकडे नवरा जहाजावर असतो, सहा सहा महिने. त्या सीनला मुलगा गप्प झाला, मग म्हणाला आपण पण मोजू. आता बसस्टॉपला रोज रिक्षा मोजतो.

कोकणचो_झील:
पावशेर, बाळाच्या प्रश्नाला काय सांगितलंत ते राहिलंच की!

पावशेर:
बायकोने सांगितलं, "कधी कधी नाही होत गं." त्यावर काही बोलली नाही, पिक्चर संपल्यावर म्हणाली, मग रसेल आहे ना त्याला.
बाकी कुत्र्यांबद्दल माझं मत तेच आहे, पण घरात मी तीन दिवस झाले एकटा पडलोय. अभ्यासाला बसवलं की "खार!" करून पळते.