पोहण्याच्या क्लासआधी: दंडातले फुगे की परातीतलं पाणी?

सूर
उन्हाळी बॅच लावायची ठरली की चार-पाच वर्षांच्या मुलांचे पालक आधी दंडात घालायचे फुगे आणतात. माझं स्पष्ट मत, आणू नका. फुग्यांमुळे मूल पाण्यात उभं राहतं, हनुवटी वर आणि पाय सायकल मारल्यासारखे. पोहायला नेमकं याच्या उलट लागतं, तोंड पाण्यात आणि कंबर वर. फुगे काढले तरी सवय उभ्यानं पाय मारायचीच राहते. शिवाय 'उडी मारली तरी मी वरच येतो' ही समजूत डोक्यात पक्की बसते, ती फार धोक्याची.

त्याऐवजी तीन आठवडे घरी द्या. पहिला आठवडा आंघोळीचाच. तांब्यानं आधी खांद्यावर, मग मानेवर, मग टाळूवर पाणी ओता, कपाळावरून चेहऱ्यावर ओघळेल असं. ओतण्याआधी 'एक, दोन, तीन' म्हणा आणि तीनलाच ओता, फसवू नका. लगेच टॉवेलनं तोंड पुसू नका. पापण्या मिटून-उघडून पाणी झटकायला मूल आपसूक शिकतं.

दुसऱ्या आठवड्यात परातीत चार बोटं कोमट पाणी घ्या. ओठ बुडवून फुंकर, मग नाकासकट तोंड बुडवून 'म्म्म्म' असा गुणगुणता आवाज. ओठ मिटून गुणगुणताना हवा नाकातून बाहेर पडत राहते, म्हणून पाणी आत शिरत नाही. तीन सेकंद 'म्म्म्म', डोकं वर, तोंडानं श्वास, पुन्हा खाली. असं सलग पाच वेळा जमलं की क्लासचं निम्मं रडणं वाचतं.

तिसऱ्या आठवड्यात फुगवायच्या टबात वीतभर पाणी घेऊन पाठीवर निजवा, डोक्याखाली तुमचा तळवा. कान बुडाले की आवाज बुजतात आणि मूल दचकतं. तो दचका घरीच जिरलेला बरा. टब, बादली लगेच रिकामी करा. एवढ्या पाण्यातही लहान मूल बुडतं.

पायरी
फुग्यांबद्दल सहमत, घरच्या शिकवणीबद्दल नाही. पालक हौसेनं 'श्वास रोखून धर' शिकवतात. मग मूल गाल फुगवून, नाक चिमटीत धरून टँकवर येतं आणि कोचचा पहिला आठवडा ते मोडण्यात जातो. हात नाकाला लावलेला असेल तर पाणी कापणार कशानं?

आणि न्हाणीघर म्हणजे टँक नव्हे. टँकवर शिट्ट्या, गलका, क्लोरीनचा वास आणि मुख्य म्हणजे गारठा. एवढ्या लहान मुलांना शिकायला ३० ते ३२ अंशांचं पाणी बरं पडतं. उघड्या टँकमध्ये सकाळी साडेसहाला ते पुष्कळ गार असतं, आणि पालक हटकून तीच बॅच घेतात, कारण नंतर ऑफिस. वीस मिनिटांत ओठ निळे, दात कडाकडा, आणि सगळे म्हणतात 'घाबरतोय'. तो घाबरत नाही, गारठलाय. शक्य असेल तर संध्याकाळची बॅच घ्या, दिवसभराच्या उन्हानं पाणी तापलेलं असतं. तयारी करायचीच तर क्लासआधी दोनदा टँकवर नेऊन पायरीवर पाय सोडून बसवा, तिथल्याच शॉवरखाली भिजवा.

विहीरकाठ
तरंगायच्या साधनांना सरसकट नावं ठेवू नका. गावाकडे मुलं पाठीवर हवाबंद डबा नाहीतर सुका भोपळा बांधून विहिरीत शिकत आली. फरक आहे तो बांधायच्या जागेत. दंडातला फुगा खांदे उचलतो, माणूस उभा होतो. पाठीवर बांधलेला डबा पाठ वर धरतो, माणूस आडवा राहतो आणि हात मोकळे. हल्ली तेच काम फोमच्या थरांचा पट्टा करतो. मूल स्थिरावेल तसा एकेक थर काढायचा. एकदम सगळं काढलं की भीती परत येते. दोरी मात्र काखेखालून घट्ट हवी. ती पोटावर घसरली की ढुंगण वर आणि डोकं खाली.

सूर
@पायरी, श्वास रोखायला मी कुठेच सांगितलेलं नाही, सोडायला सांगितलंय. पण गारठ्याचा मुद्दा एकदम मान्य.
@विहीरकाठ, पाठीवरच्या पट्ट्यानं मूल उताणं वळू शकत नाही. दम लागला की उलटं वळून पाठीवर तरंगणं हे जीव वाचवणारं पहिलं कौशल्य, तेच अडतं. म्हणून पट्टा क्लासपुरता, तासातला थोडाच वेळ.

ओला टॉवेल
वयाबद्दल कुणी बोललं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना एक वर्षानंतरही क्लास चालेल म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेचा भर सहा वर्षांपुढच्या, शाळकरी मुलांना पोहणं शिकवण्यावर आहे. त्याहून लहानांसाठी तिला देखरेख महत्त्वाची वाटते. मला दुसरं पटतं. तीन वर्षांचं मूल तरंगायला शिकेल, पण भानावर राहून काठ गाठेल असं धरून चालू नका.

बाकी पटापट: तासभर आधी केळं किंवा अर्धी पोळी, पोटभर नको; ठसका लागला की उलटी होते. डोक्याला तेल नको, टोपी घसरते आणि पाणीही खराब होतं. केस साध्या पाण्यानं भिजवून टोपी घाला. कानात बड्स घालू नका, डोकं तिरकं करून टॉवेलच्या टोकानं टिपा. जुलाब होत असतील तर क्लास बंद. पोशाख भडक केशरी. निळा पाण्यात दिसतच नाही. गॉगल घेताना पट्टा न लावता डोळ्यांवर दाबून बघा, दोन सेकंद चिकटून राहिला तरच मापाचा.

पायरी
गॉगल पहिले आठ दिवस नकोच. चुकून पाण्यात पडणारं मूल गॉगल घालून पडत नाही.

ओला टॉवेल
पण क्लोरीननं डोळे चुरचुरले की मूल तोंडच बुडवत नाही, त्याचं काय? निम्मा तास गॉगल, निम्मा बिनगॉगल करा.

सूर
एक राहिलंच. फी भरण्याआधी मुलाची उंची आणि टँकची खोली, दोन्ही टेपनं मोजा. चार वर्षांचं मूल साधारण १०० सेंटिमीटर. 'उथळ बाजू' साडेतीन फुटांची असेल तर ती झाली १०७ सेंटिमीटर, म्हणजे डोक्यावरून पाणी. तीन फूट म्हटलं तरी ९१, पाणी नाकाच्या वर. पाणी छातीच्या खाली येईल असा दोन फुटी बेबी टँक नसेल, तर कोचला विचारा की मुलं उभी कशावर राहणार आणि एका वेळी पाण्यात एका कोचकडे किती. उत्तर 'काठ धरून राहतील' असं आलं तर ती बॅच घेऊ नका.