यामाहा एमटी-०७ : २७० अंशांच्या क्रँकचा नेमका लाभ काय?

प्रश्न : ६८९ सीसीच्या या नेकेड (बाहेरचे आवरण नसलेल्या) मोटरसायकलचे इंजिन समांतर ट्विन (दोन सिलिंडर शेजारी-शेजारी) असूनही त्याचा आवाज व्ही-ट्विनसारखा (दोन सिलिंडर इंग्रजी V आकारात) का येतो, आणि ही रचना केवळ आवाजासाठीच केली आहे का?

प्रतिसाद १ : क्रँकपिन, म्हणजे पिस्टनचे दांडे क्रँकला (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) जिथे जोडतात त्या खुंट्या, एकमेकींपासून २७० अंशांवर असल्याने दोन स्फोटांमधील अंतर आळीपाळीने २७० आणि ४५० अंश राहते, आणि ९० अंशी व्ही-ट्विनचा क्रमही हाच असतो. आवाज हा मात्र दुय्यम लाभ आहे. एक पिस्टन टोकाला क्षणभर थांबतो तेव्हा दुसरा जवळजवळ सर्वाधिक वेगात असतो, त्यामुळे जडत्वामुळे होणारे टॉर्कचे (फिरवणाऱ्या जोराचे) चढउतार बरेच कमी होतात आणि थ्रॉटल देताना मागच्या चाकाची पकड चालकाला अधिक स्पष्ट जाणवते.

प्रतिसाद २ : सहमत. ही कल्पना २०१४ मध्ये एमटी-०७ बरोबर अचानक अवतरलेली नाही. यामाहाच्याच १९९५ च्या टीआरएक्स८५० मध्ये ती होती आणि २००९ च्या आर१ मध्ये तिचा चार सिलिंडरांचा क्रॉसप्लेन (क्रँकपिन फुलीच्या आकारात मांडलेला) अवतार आला. वाद्यनिर्मात्या कंपनीतून १९५५ मध्ये वेगळ्या झालेल्या, बोधचिन्हात आजही ट्यूनिंग फोर्क मिरवणाऱ्या यामाहाला आवाजाचे वावडे असेल असे मात्र वाटत नाही!

प्रश्नकर्ता : मग कंपनांचे काय?

प्रतिसाद १ : त्यासाठी बॅलन्सर शाफ्ट (कंपने कमी करणारा, वजन लावलेला फिरता दांडा) दिलेला आहे.