नववीचा शेवटचा तास, पोरं ऐकतच नाहीत ओ

करवीर तालुक्यात हायस्कूलला गणित शिकवतोय, दुसरंच वर्ष. नववीत 58 पोरं, आणि माझा तास शेवटचा. फळ्याकडं वळलो की मागं दंगा, अर्ध्यांचं लक्ष एसटीकडं. ओरडून घसा बसला. काय करायचं?

— उत्तर १
सर, ओरडायचं आधी बंद करा, पोरांना त्याची सवय होत्या. आत जातानाच फळ्यावर एक सोपं उदाहरण लिहायचं, हजेरी होईस्तोवर वहीत सोडवायला लावायचं, मग फक्त पाच वह्या बघायच्या, रोज वेगळ्या, कुणाचा नंबर लागंल कळत नाही म्हणून सगळी लिहित्यात. मागच्या बाकावरच्या दंगेखोराला वह्या गोळा करायचं काम द्या, लई फरक पडतोय.

— उत्तर २
मी मुख्याध्यापिका आहे. वेळापत्रक बदलून मागा की! गणित आठवड्यातनं दोनदा तरी सकाळी येऊ दे. आणि उसाच्या गळीत हंगामात कोण पोरगं गैरहजर राहतंय ते बघून घरी फोन करा, तास बुडालेलं पोरगंच पुढं दंगा करतंय, त्याला काही कळतच नसतंय. पुढच्या वर्षी बोर्डाला बीजगणित 40, भूमिती 40 आहे, पाया आत्ताच घ्या.

— मूळ प्रश्नकर्ता
वह्यांचं उद्यापासनं करतो. मॅडम, वेळापत्रकाचं मात्र आमचे साहेब ऐकतील असं वाटत नाही 😅