पाहुण्यांना पन्हाळा सोडून जयसिंगपूरला मुक्कामाला नेलं, एवढं काय चुकलं?

रंकाळाकाठचा
मेव्हणा, त्याची बायको, दोन पोरं आणि सासूबाई पुण्याहून आलेले. अंबाबाई झाली, तांबडा-पांढरा झाला, रंकाळ्यावर भेळ झाली, दुसऱ्या दिवशी पन्हाळा म्हणून सगळे ठरवून बसलेले आणि मी दुपारी गाडी उलट्या अंगाला जयसिंगपूरला नेली, मुक्कामही तिथंच केला. बायको अजून ऐकवते, माझ्या माहेरच्यांना तुम्ही एसटी स्टँड दाखवायला नेलंत म्हणून.

आता माझं ऐका. जयसिंगपूर आपण सांगलीला जाताना गर्दीत अडकतो तेवढंच बघतो. शाहू महाराजांनी वडिलांच्या, म्हणजे कागलच्या जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं आखून वसवलेली पेठ आहे ती. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ ला सुरू झाली, त्या रुळाकडेला बाजार, बाजाराभोवती गाव. गल्ल्या काटकोनात आणि नावं काय तर पहिली गल्ली, दुसरी गल्ली, सातवी गल्ली. मी शिवाजी पेठेत वाढलेला माणूस, आमच्याकडं पत्ता सांगताना आधी तालीम मग पिंपळ मग कुणाचं तरी दुकान सांगायला लागतं. इथं मेव्हण्याचं धाकटं पोरगं एकटं आकडे मोजत लॉजवर परत आलं.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. सकाळी सातला खिद्रापूर, जयसिंगपुरातनं तासाभरावर. तिथल्या कोपेश्वर महादेवाच्या देवळात आमच्याशिवाय एक पुजारी आणि एक झाडणारी बाई, बास. स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं, साधारण १३ फूट, आणि बरोबर त्याच्याखाली तेवढीच गोल शिळा. पोरगं त्या शिळेवर उताणं झोपलं आणि ओरडलं, बाबा घार! त्या गोलात एक घार फिरायली होती, आम्ही सगळे माना वर करून. हे अकरा वाजता सहलीच्या बसा आल्यावर मिळतंय होय?

तालमीतला
भावा सगळं खरं, पण पाहुणा कोल्हापूरला येऊन पन्हाळा न बघता गेला म्हणजे नाद खुळा झाला. वीस किलोमीटरवर गड, तीन दरवाजा, अंबारखाना, अंधारबाव, सज्जाकोठी, २०२५ ला आणखी अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, आणि तू पोरांना गल्ली नंबर सात दाखवतोस. वर झुणका-भाकर खाऊन तबक बागेतनं खाली बघत बसायचं सोडून लॉज कसला.

आणि तुला खिद्रापूरच पाहिजे तर त्याची गोष्ट पण पन्हाळ्यावरनंच सुरू होते. कोपेश्वर शिलाहार राजांच्या काळातला, पन्हाळा त्यांचीच राजधानी. त्यांच्या शेवटच्या राजाला, भोजाला, देवगिरीच्या सिंघण यादवानं पन्हाळ्यावर हरवलं आणि त्याच सिंघणाचा शिलालेख खिद्रापुरात दक्षिण दाराला आहे. म्हणजे हरलेल्याचं देऊळ, जिंकलेल्याचा लेख. आधी गड मग देऊळ, असा क्रम लाव की.

सातवी गल्ली
मी जयसिंगपूरचा, जन्म पण इथलाच, आणि मीच सांगतो, मुक्काम करण्यासारखं इथं काही नाही. गाव चांगलंय, राहायला चांगलंय. आजोबा मरेपर्यंत स्टेशनला शिरोळ रोडच म्हणायचे. पण पर्यटन म्हणजे काय हो, आम्ही स्वतः सुट्टीला कोकणात जातो. संध्याकाळी सातनंतर पाहुण्यांना दाखवायचं काय, अडत दुकानांची बंद शटरं? शेतकऱ्यांच्या ऊस परिषदेचा दिवस असला तर तेवढं सोडून, त्या दिवशी अख्खा जिल्हा इथं असतो आणि तुम्हाला गाडी लावायला जागा मिळणार नाही.

एक मात्र लिहून ठेवा. भडंग, म्हणजे मसाल्याचे चुरमुरे, आमचं. सांगलीवाले त्यांचं म्हणून विकतात ते विकू देत.

घाटावरची सून
भडंग सांगलीचंच, पुढं बोला.

माझा मुद्दा वेगळा आहे. तुम्ही पुरुष लोक 'सकाळी सातला खिद्रापूर' लिहिता तेव्हा गाडीत सत्तरीच्या सासूबाई आहेत हे विसरता. आम्ही गेल्या डिसेंबरात गेलो, गळीत हंगाम जोरात, कुरुंदवाडच्या पुढं पहाटेच्या धुक्यात एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, आमच्या ह्यांनी ब्रेक मारला तेव्हा ट्रॉलीतल्या उसाच्या शेंड्याचं टोक बॉनेटपासून हातभर राहिलं होतं. आणि बायकांच्या सोयीचं म्हणाल तर वाटेत एका हॉटेलात चहा घेऊन विचारलं, तर मालकानं सरळ मागच्या उसाकडं बोट दाखवलं. पन्हाळ्यावर निदान या बाबतीत हाल होत नाहीत.

रंकाळाकाठचा
ताई, ट्रॉलीचं शंभर टक्के मान्य. आम्ही पण सैनिक टाकळीपर्यंत तीसच्या वर गाडी काढली नाही. पण म्हणूनच जवळ मुक्काम म्हणतोय! कोल्हापुरातनं पहाटे चारला अंधारात निघण्यापेक्षा जयसिंगपुरातनं उजाडल्यावर निघायचं, तासाभराचं तर काम. सोयीचं मात्र चुकलं माझं, सासूबाई काही बोलल्या नाहीत पण परतताना नरसोबाच्या वाडीपर्यंत पाण्याचा घोट घेतला नव्हता हे बायकोनं नंतर सांगितलं.

खापराचा तुकडा
दोघांनी मूर्ती नीट बघितल्या का ते सांगा, का नुसती घार बघितली? देवळासमोर नंदी नाही हे लक्षात आलं का कुणाच्या? दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली म्हणून इथला महादेव नंदीशिवाय आणि कोपलेला, अशी कथा सांगतात, नंदी नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला आहे. कोपेश्वराची समजूत काढायला आलेला विष्णू म्हणजे धोपेश्वर, गाभाऱ्यात दोन्ही शेजारी. बाहेरनं जोत्यावर हत्तींची रांग आहे, बऱ्याच सोंडा फुटलेल्या, एकेका हत्तीवर बसलेला देव वेगळा. त्यालाच तास जातो. आणि सातला जाऊन स्वर्गमंडपात ऊन उतरत नाही साहेब, सूर्य वर यायला लागतो तेव्हा ४८ खांबांच्या मधे उजेड फिरतो. तुम्ही लवकर जाऊन अर्धं देऊळ चुकवलंत.

रंकाळाकाठचा
अर्धं चुकलं असेल, शांतता मिळाली. नंदीचं पुजाऱ्यानं सांगितलं, सासूबाई म्हणाल्या बरोबर आहे, माहेरी जाताना गाडी घेऊनच जाणार की ती.

तालमीतला
सासूबाईंना आपला मुजरा. तरी पन्हाळा राहिलाच.

सातवी गल्ली
मुक्कामच करायचा तर नरसोबाच्या वाडीला करा, भक्त निवासं आहेत, पहाटे काकड आरती मिळते, कृष्णा-पंचगंगेचा संगम समोर. पावसाळ्यात दक्षिणद्वार सोहळा असतो, नदीचं पाणी दत्ताच्या पादुकांवरनं वाहून दक्षिण दारानं बाहेर पडतं आणि लोक तिथं स्नानाला गर्दी करतात. पण पावसाळ्यात येताय तर आधी फोन करून या, २०१९ ला आमचा अख्खा शिरोळ तालुका पाण्यात होता, वाडीला होडीनं जायची पण सोय नव्हती. आणि गणपतीत आलात तर पलीकडं कुरुंदवाडला थांबा, तिथं पाच मशिदींत गणपती बसतो. त्याची जाहिरात कुणी करत नाही, त्यांना ते विशेष वाटतच नाही.

घाटावरची सून
हे बरोबर बोललात. वाडीला मुक्काम, सकाळी नाष्टा, मग नऊच्या पुढं खिद्रापूर, म्हणजे धुकं पण नाही आणि वर लिहिलेलं ऊन पण मिळेल. येताना बासुंदी आणि कृष्णाकाठची वांगी. जयसिंगपूर वाटेत लागतंच, हवं तर काचेतनं गल्ल्या मोजा.

रंकाळाकाठचा
काचेतनं नाही, चालतच मोजायच्या. असो. मेव्हण्याचा काल फोन आला होता, दिवाळीत परत येतायत. पन्हाळ्याचं विचारलं त्यानं, मागनं सासूबाईंचा आवाज आला, ती कवठाची बर्फी कुठल्या गावची होती रे ते आधी विचार.

सातवी गल्ली
वाडीची. येताना गल्लीत या, भडंग बांधून ठेवतो, सांगलीवाल्या ताईंना पण द्या थोडं.