एक दमदार ग्राफिक्स कार्ड घेऊ की आहे त्याला जोडी आणू?

नाशिकचा_गडी
मंडळी सल्ला हवाय. माझ्याकडे एनव्हिडियाचं जीटीएक्स १०७० कार्ड आहे, ८ जीबी मेमरीवालं, सोबत रायझन ५ २६०० प्रोसेसर आणि बी४५० मदरबोर्ड, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) ५५० वॉटचा. सायबरपंक गेम आता लो सेटिंगवर पण रडतंय (मॉनिटर जास्त रिझोल्यूशनचा, १४४०पीचा आणून ठेवलाय, ती माझीच हौस). मामेभाऊ गेमिंग कॅफे बंद करतोय, त्याच्याकडे सेम १०७० पडलंय, म्हणतो ७ हजार दे आणि उचल. नवीन आरटीएक्स ५०६० घ्यायचं तर याच्या चौपट जातात. दोन १०७० जोडली की ८ आणि ८ सोळा जीबी होणार ना?

जुनं_खोड
सोळा नाही होत राव, आठच राहतात. एसएलआयमधे (दोन कार्डं जोडायची एनव्हिडियाची सोय) एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, हे कार्ड काढतं, पुढची ते, म्हणून तोच सगळा माल दोघांच्या मेमरीत भरून ठेवावा लागतो. त्यात आताचे गेम मागच्या फ्रेमचा डेटा पुढच्या फ्रेमला वापरतात (टीएए वगैरे, चित्राच्या कडा गुळगुळीत करायच्या युक्त्या), मग एक कार्ड दुसऱ्याची वाट बघत बसतं. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून नवीन एसएलआय प्रोफाइल (ड्रायव्हरमधली त्या त्या गेमची सेटिंग) देणंच थांबवलं, गेमवाल्याने स्वतः सोय केली तर चालणार, आणि ती कोण करतंय आता. सायबरपंकला तर दुसरं कार्ड दिसणारच नाही.
मी २०१५ ला दोन ९७० लावून बघितलीत. कोपऱ्यात सेकंदाला फ्रेमचा आकडा ८०-९० दाखवायचा पण गेममधे गाडी वळवली की बारीक बारीक हिसके, आमच्या गल्लीतल्या रस्त्यावरून गेल्यासारखे. वरचं कार्ड खालच्याची गरम हवा खायचं आणि पंखे असे ओरडायचे की आई विचारायची मिक्सर कुणी लावलाय. एक काढून विकलं तेव्हा झोप लागली.

वायरमनचा_पोरगा
आधी कॅबिनेट उघड आणि खालचा लांब स्लॉट बघ. बी४५० वर तो सहसा चिपसेटवरून ४ लेनचाच (लेन म्हणजे डेटा जायच्या वाटा) असतो, एनव्हिडियाच्या एसएलआयला कमीत कमी ८ लागतात, म्हणजे विषयच संपला. आणि यूपीएस कितीचा आहे? एक १०७० म्हणजे १५० वॉट, दोन म्हणजे ३००, वर प्रोसेसर. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, लाईट गेली की गेम आणि यूपीएस दोन्ही आडवे. ५०६० ला १४५ लागतात, तुझ्या आत्ताच्या कार्डापेक्षा पण ५ कमीच.

रेंडरवाली
सगळे दुसऱ्या कार्डाच्या मागे काठी घेऊन लागलेत म्हणून लिहितेय. गेमसाठी नको हे बरोबरच, पण माझ्याकडे दोन ३०६० आहेत १२ जीबीची आणि ब्लेंडरच्या (थ्रीडी सॉफ्टवेअर) सायकल्समधे, म्हणजे त्यातल्या चित्र रेंडर करणाऱ्या भागात, वेळ जवळजवळ निम्मा होतो. कार्डं जोडणारा ब्रिज नाही, एसएलआय नाही, सेटिंगमधे दोन्हीवर टिक करायची बस. मंडळाच्या देखाव्याचं ॲनिमेशन रात्री लावून झोपले तर सकाळी तयार होतं. फक्त अख्खा सीन एकेका कार्डाच्या १२ जीबीत मावला पाहिजे, बेरीज तिथेही नाही. घरच्या घरी एआय मॉडेल चालवणाऱ्यांचं वेगळं, तिथे मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटता येतात, त्यांना १२ आणि १२ खरंच २४ सारखे वापरता येतात.

नाशिकचा_गडी
उघडलं. खालचा स्लॉट दिसायला लांबलचक, पण टॉर्च मारून बघितलं तर पिना पुढच्या तुकड्यातच आहेत, मागे नुसतं प्लास्टिक. वर कार्ड बसवलं असतं तर पॉवर बटणाच्या वायरी त्याच्याखाली चेंगरल्या असत्या. यूपीएस ६०० चाच निघाला 😑 ताई, मी फक्त गेम खेळतो, रेंडर बिंडर काही नाही. मग ५०६० फायनल करू का? बोर्डाचा कार्ड स्लॉट जुन्या पिढीचा, पीसीआयई ३ चा आहे.

जुनं_खोड
कर. ते ८ लेनचं कार्ड आहे, जनरेशन ३ वर पण चालेल, फक्त ८ जीबी भरून सांडायला लागली की जास्त अडखळेल, तेव्हा १४४०पीवर टेक्श्चर एक पायरी खाली ठेव. घ्यायच्या आधी बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट कर आणि त्यात यूईएफआय मोड (पीसी सुरू व्हायची नवी पद्धत) चालू आहे का बघ. पुढेमागे २६०० काढून त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० टाक, ५०६० ला तो जुना प्रोसेसर मागे ओढणार. आणि १०७० च्या पिढीला गेम रेडी ड्रायव्हर (नव्या गेमसाठीचे अपडेट) ऑक्टोबर २०२५ पर्यंतच होते, त्यानंतर नुसते सिक्युरिटी अपडेट, त्यामुळे ७ हजार पण जास्तच आहेत.

नाशिकचा_गडी
मामेभाऊ आत्ताच ५ वर आलाय.

वायरमनचा_पोरगा
फोन उचलू नको.