व्हिजिटिंग स्कॉलरसाठी आपला कृष्णेचा विषय चालेल का?

दूधगंगाकाठ:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. मी राज्यशास्त्र शिकवते, शिवाजी विद्यापीठातनं पीएचडी झालीय, विषय होता पुराच्या वेळी महाराष्ट्र आणि कर्नाटकचं प्रशासन एकमेकांशी कसं बोलतं. आता अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची व्हिजिटिंग स्कॉलरची जागा दिसली, क्रॉस-बॉर्डर पब्लिक पॉलिसीसाठी, कॅनडाच्या सीमेजवळ, एक सेमिस्टर तिथं राहून संशोधन करायचं. वाचल्यापासनं डोक्यातनं जाईना. पण त्यांची सीमा दोन देशांची आणि माझी दोन राज्यांची. माझं माहेर शिरोळ तालुक्यात, मामा पलीकडं कर्नाटकात सदलग्याला, मधे नदी. पूर आला की इकडचा पंचनामा वेगळा, तिकडचा वेगळा, भरपाईचे नियम वेगळे, आणि घरात शिरतं ते पाणी त्याच पावसाचं. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात विषय बदल, भारत-बांगलादेश घे, तरच उभं करतील. बदलू का? आणि रजेचं, व्हिसाचं कुणाला माहीत असेल तर तेही सांगा.

रंकाळा_संध्याकाळ:
ताई, अजिबात बदलू नका!! उलट त्या भागात तर तुमचाच प्रश्न आहे. नुकसॅक नावाची नदी आहे तिकडं, वॉशिंग्टन राज्यात, तशी ती अमेरिकेतच समुद्राला मिळते, पण नोव्हेंबर २०२१ मध्ये एव्हरसन गावाजवळ काठ सोडला आणि पाणी उत्तरेला सुमास गावातनं थेट सीमा ओलांडून कॅनडात अ‍ॅबट्सफर्डच्या शेतात घुसलं. तिथं पूर्वी सुमास नावाचं तळंच होतं, १९२० च्या दशकात उपसून शेती केलेली, त्यामुळं पाणी जुन्या जागेवर येऊन बसलं, जनावरं हजारोंनी गेली. आपल्याकडं त्याच वर्षी जुलैमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा (पुढं कृष्णेला मिळून कर्नाटकात जाते ती) ५५ फुटांच्या पुढं गेली होती, धोका पातळी ४३ ची. म्हणजे चार महिन्यांच्या अंतरानं दोन्हीकडं वरच्या गावाचं पाणी सीमेखालच्या गावात. हे दोन पूर शेजारी ठेवा की.
आणि खरा प्रश्न पुढंच आहे. त्या दोन देशांनी १९०९ साली सीमेवरच्या पाण्याचा करार केला आणि कायमचं एक कमिशन बसवलं, तीन माणसं अमेरिकेची, तीन कॅनडाची. आपण एका देशातली दोन राज्यं, आणि आपल्याला लवाद मिळतो, तोही भांडण झाल्यावर. कृष्णेच्या पाणीवाटपाचा बच्छावत लवाद १९६९ चा, मग २००४ चा ब्रिजेशकुमार, त्याचा निवाडा २०१० ला आला तरी प्रकरण सुप्रीम कोर्टात. असं का, हे तुमच्याइतकं जवळनं कोण सांगणार?

पाटबंधारे_निवृत्त:
मॅडम, वरच्यांनी चांगलं सांगितलं. मी एकच सांगतो, आलमट्टी (कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण) म्हणजेच पूर असं एका ओळीत लिहू नका. उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायला लवादानं परवानगी दिली तेव्हापासनं शिरोळकरांच्या पोटात गोळा आहे, मी ती भीती खोटी म्हणत नाही, फुगवट्याचा (धरणामागं पाणी मागं तुंबतं त्याचा) अभ्यास व्हायलाच पाहिजे. पण २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं आलमट्टीला थेट कारण धरलं नाही, आणि इथं ते लई लोकांना पटलं नाही. हा न पटण्याचा भागच तुमच्या कामाचा आहे बघा. सह्याद्रीत चार-पाच दिवसांत कोसळलेला पाऊस, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे, कोयनेचा विसर्ग, पूररेषेतली बांधकामं, हायवेचा भराव, सगळं एकत्र मांडा. ड्युटीवर असताना रात्री दोनला पलीकडच्या इंजिनिअरला फोन लावून विसर्ग किती सोडताय विचारायचो. पलीकडचा माणूस ओळखीचा असला तर आकडा लगेच मिळायचा, नवीन आला की परत सुरुवात. ओळखीवर चालणारी ही व्यवस्था कागदावर कशी आणायची ते तिकडं शिकून या.

बॅग_भरलेली:
मी जाऊन आलेय म्हणून प्रॅक्टिकल सांगते. व्हिसा जे-वन, म्हणजे शैक्षणिक देवाणघेवाणीचा. एकाच सेमिस्टरसाठी असेल तर त्यांना विचारा शॉर्ट-टर्म स्कॉलर कॅटेगरी देता का, ती सहा महिन्यांपर्यंतच असते आणि वाढवून मिळत नाही, पण रिसर्च स्कॉलर म्हणून गेलात तर ते संपल्यावर २४ महिने त्या कॅटेगरीत परत जाता येत नाही. पुढं मोठी फेलोशिप मिळाली तर तेव्हा अडकाल. डीएस-२०१९ फॉर्म त्यांच्याकडनं येतो, त्याशिवाय व्हिसाचं पान हलत नाही. हेल्थ इन्शुरन्स सक्तीचा. पुष्कळ ठिकाणी टेबल आणि लायब्ररी कार्ड मिळतं, पगार नाही, तेव्हा आधी स्पष्ट विचारा. फुलब्राइटच्या पैशांवर गेलात तर नंतर दोन वर्षं भारतात राहायची अट लागते. आणि कॉलेजच्या एनओसीचा (ना-हरकत दाखल्याचा) अर्ज आजच टाका, माझा एका टेबलावर इतके दिवस पडून राहिला की पहिल्या वेळची तारीख गेली, रडले होते मी.

दूधगंगाकाठ:
सगळ्यांचे मनापासनं आभार. विषय बदलत नाही. नुकसॅकचं मला माहीतच नव्हतं, रात्री नकाशा काढून बसले. सर, तुमच्याशी फोनवर बोलायला आवडेल, ते रात्रीचे फोन प्रपोजलमध्ये घ्यायचेत, नाव न घालता. एनओसीचा अर्ज सकाळी दिला, पोच घेतली. रविवारी सदलग्याला जातेय, मामानं २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा गोठ्याच्या भिंतीवर तारखेसकट केल्यात, रंग द्यायच्या आत फोटो काढून आणते.