कोविडनंतर घराची पूर्ण साफसफाई: नाशिकमध्ये कुणाला बोलवावं, काय अटी घालाव्यात?

इंदिरानगरकर
नमस्कार. इंदिरानगरला दोन बेडरूमचा फ्लॅट, चौथा मजला. सासरे गृहविलगीकरणात होते. ताप जाऊन आठवडा झाला, डॉक्टरांनी मोकळं केलंय. सासूबाई ७२ वर्षांच्या, त्यांना दमा आहे. १२ मे २०२१ पासूनच्या कडक लॉकडाऊनमुळे कामाच्या ताई येत नव्हत्या. दोन्ही बाथरूम, किचनच्या टाइल्स, पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, सगळं राहिलंय. साफसफाईवाल्यांना फोन केले तर जो तो आधी 'सॅनिटायझेशन फवारणी'चं पॅकेज सांगतो. कुणाला बोलवू, काय विचारू, किती दिवस थांबू?

सातपूर_केमिकल
फवारणीचे पैसे वाचवा. घरात फवारणी किंवा फॉगिंग करू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितलंय. फवारा पलंगाखाली, नळाच्या मागे, हँडलच्या आतल्या बाजूला पोचत नाही. जिथे पोचतो तिथे तेलकट किंवा धुळीचा थर असेल तर क्लोरीन त्या मळावरच खर्ची पडतं. आणि दम्याच्या माणसाच्या घरात ते तुषार हवेत सोडायचे, हे तर नकोच.

'तीस दिवस संरक्षण' म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: कोणतं रसायन, किती टक्के, पृष्ठभाग किती मिनिटं ओला ठेवणार? 'इम्पोर्टेड केमिकल आहे' एवढंच उत्तर आलं तर फोन ठेवा.

थांबायचं म्हणाल तर रुग्णाने खोली वापरणं बंद केल्यापासून तीन दिवस गेले असतील तर नेहमीची स्वच्छता पुरते. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथलं सरकारी रोगनियंत्रण केंद्र) एप्रिल २०२१ मध्ये हेच सांगितलं, आणि पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारण दहा हजारात एकाहून कमी असल्याचंही नोंदवलं. तुमचा आठवडा झालाय. आता घरात धोका येईल तो बाहेरून येणाऱ्या माणसाच्या श्वासातून, आणि तुमच्या श्वासातून त्यांना.

हाऊसकीपिंग_नाशिकरोड
वरच्याशी पूर्ण सहमत. माणसं निवडताना हॉस्पिटलच्या हाऊसकीपिंगचा अनुभव असलेल्यांना पहिली पसंती द्या. पेस्ट कंट्रोलवाले लॉकडाऊनमध्ये सॅनिटायझेशनकडे वळलेत, त्यांच्याकडे पंप असतो, घासणारे हात नसतात.

फोनवर ठरवून घ्यायच्या गोष्टी सांगतो. दोनच माणसं, आणि जी ठरली तीच दोघं शेवटपर्यंत. त्या दिवशी सकाळी त्यांचं दुसरं घर नसावं. मास्क एन-९५, पण झडपेचा नको, झडपेतून त्यांचा श्वास न गाळता बाहेर येतो. नुसती फेस शील्ड म्हणजे मास्क नव्हे. बाथरूम घासताना मास्क ओला होतो, ओल्या मास्कमधून श्वास ओढला जात नाही म्हणून माणूस तो नाकाखाली घेतो. दोष त्याचा नसतो. माणशी दोन जादा मास्क तुम्हीच काढून ठेवा.

पूर्ण पीपीई किट मागू नका. या उकाड्यात त्यात तासाभरात माणूस घामाघूम होतो आणि चेहऱ्याला सारखा हात लावतो.

लसीच्या प्रमाणपत्राची अटही घालू नका. १८ ते ४४ वयाचं सरकारी लसीकरण राज्यात मे २०२१ मध्ये थांबवलं होतं आणि ही पोरं त्याच वयाची असतात. थर्मल गनवरही विसंबू नका, लक्षणं नसलेला माणूस त्यात सापडत नाही. त्याऐवजी सकाळी फोन करून घसा, खोकला, ताप, घरात कुणी आजारी आहे का हे विचारा. आणि आधीच सांगून ठेवा की आजारामुळे यायचं रद्द केलंत तरी निम्मे पैसे मिळतील. रोजंदारी बुडणार असेल तर कणकण कुणी सांगत नाही.

पाथर्डीफाटा_सोसायटी
आमची कमिटी तर पेशंट निघालेल्या प्रत्येक फ्लॅटला फवारणी सक्तीची करते. जिन्यात, लिफ्टमध्येही रोज हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं जंतुनाशक) मारतो. लोकांना धीर येतो. हे सगळं फुकट जातं का?

सातपूर_केमिकल
लिफ्टची बटणं आणि जिन्याचा कठडा साबणाच्या फडक्याने पुसा, ते फुकट जात नाही. जिन्यातला फवारा थांबवा. कुणाच्या अंगावर तर मारूच नका, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच तसं बजावलंय. तोच पैसा जिन्याच्या बंद खिडक्या उघडून घेण्यात घाला. लिफ्टमध्ये एका वेळी एकच घर.

इंदिरानगरकर
हायपो आणून ठेवलाय, पाच लिटरचा कॅन. प्रमाण काय? ओटा ग्रॅनाइटचा आहे, देवघरात पितळेच्या मूर्ती आहेत.

सातपूर_केमिकल
आधी कॅनवरची टक्केवारी बघा, सगळं गणित तिथून सुरू होतं. घरासाठी ०.१ टक्का द्रावण पुरतं. ५ टक्क्यांचा असेल तर २० मिली हायपो आणि एक लिटर होईपर्यंत पाणी, म्हणजे पाच लिटरच्या बादलीला १०० मिली. १० टक्क्यांचा असेल तर याच्या निम्मं. सरकारी पत्रकात १ टक्का दिसतो खरा. घरात तेवढ्याने डोळे चुरचुरतील आणि नळांचं पॉलिश जाईल.

हायपो ऊन आणि उष्णतेने मरतो. कॅनची तारीख जुनी असेल, किंवा तो गॅलरीत उन्हात पडून पोट फुगलं असेल, तर छापलेली टक्केवारी आत उरलेली नाही असं समजा. द्रावण रोज ताजं, थंड पाण्यात, हातमोजे घालून करा.

क्रम चुकला की मेहनत वाया. आधी साबणाच्या पाण्याने घासा, साध्या पाण्याने काढा, मगच द्रावण लावा आणि दहा मिनिटं ओलं ठेवा. इथेच सगळे फसतात. वर पंखा चालू असतो, दोन-तीन मिनिटांत फरशी कोरडी, आणि काम झालं असं वाटतं. त्या वेळी पंखा बंद, खिडक्या सताड उघड्या, सुकायला लागलं की फडकं पुन्हा फिरवा. स्टीलच्या नळांवरून दहा मिनिटांनी साध्या पाण्याचं फडकं न विसरता.

ग्रॅनाइटला हायपोची गरज नाही, भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी पुरे. संगमरवरालाही हायपो नको, चकाकी जाते. पितळेला तर लावूच नका, काळं पडतं. मूर्ती नेहमीसारख्या चिंच किंवा पितांबरीने घासा. स्विचबोर्ड, रिमोट, मोबाइलसाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, फडक्यावर घेऊन. बोर्डावर थेट फवारलं तर आत उतरून शॉर्ट होतं. आणि त्या वेळी गॅस, निरांजन, उदबत्ती बंद.

सगळ्यात महत्त्वाचं: टॉयलेट क्लीनर आणि हायपो एकत्र येऊ देऊ नका. बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. कमोड आम्लाने साफ केलात तर दोनदा फ्लश करा, फरशी भरपूर पाण्याने धुवा, हायपो दुसऱ्या दिवशी. उग्र वास आलाच तर हातातलं काम टाकून बाहेर पडा. व्हिनेगर, फिनेल, अमोनियाचं काच क्लीनर, काहीच हायपोत मिसळायचं नाही.

हाऊसकीपिंग_नाशिकरोड
बादली, मॉप, फडकी तुमचीच वापरायला द्या. टीमचा मॉप दहा घरं फिरून आलेला असतो. फडकी रंगाने वेगळी ठेवा: लाल बाथरूमला, हिरवं किचनला, निळं खोल्यांना. फडकं दोनदा दुमडून चौपदरी केलं की आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक बाजू मळली की पालटायची, मळकी बाजू द्रावणात बुडवायची नाही, नाहीतर बादलीतला क्लोरीन तिथेच संपतो. वरून खाली, स्वच्छ जागेकडून मळक्या जागेकडे. पंखा कोरड्या फडक्याने झाडू नका: जुनी उशीची खोळ ओलसर करून पात्यावर चढवा आणि ओढा, धूळ खोळीत राहते. सासूबाईंच्या दम्यासाठी हे हायपोपेक्षा महत्त्वाचं. केरसुणीही त्या दिवशी नको, थेट ओला पोछा.

टीम असताना एसी बंद, तो तीच हवा फिरवतो. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, किचनचा एक्झॉस्ट सुरू. एकाच बाजूला खिडकी असेल तर टेबल फॅन खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवा. सासू-सासऱ्यांना शेजारच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये किंवा गच्चीवर सावलीत बसवा. तेही जमत नसेल तर काम झालेल्या खोलीत, दार लावून, खिडकी उघडून. टीम गेल्यावर अर्धा तास घर तसंच उघडं राहू द्या. चहा जरूर द्या, पण गच्चीत किंवा गॅलरीत. मास्क उतरतो तो चहालाच, आणि चार माणसं किचनमध्ये उभी राहून चहा पितात तिथे बाकीची सगळी खबरदारी पाण्यात.

कॉलेजरोड_७
एक राहिलं. वापरलेले मास्क-हातमोजे कापून कागदी पिशवीत ७२ तास ठेवा, मगच घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात टाका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचीच २०२० मधली सूचना आहे. विलगीकरण चालू असलेल्या घराचा असा कचरा वेगळ्या पिवळ्या पिशवीत द्यायचा, घंटागाडीवाल्याला सांगून.

आणि ताईंना परत बोलावताना हेच नियम त्यांच्यासाठीही: आल्यावर हात धुवायला साबण, मास्क तुमच्याकडून, आजारी पडल्या तर पगारी रजा. घरेलू कामगार मंडळात नोंद आहे का तेही विचारा, नोंदणी असलेल्यांना सरकारने एप्रिल २०२१ मध्ये १,५०० रुपयांची मदत जाहीर केली होती.

इंदिरानगरकर
मनापासून आभार. फवारणी रद्द. दोन माणसांशी रविवारी सकाळचं ठरवते. बाथरूम आणि किचन एकाच दिवशी उरकेल का?

हाऊसकीपिंग_नाशिकरोड
उरकेल, पण घाई करू नका. किचनच्या टाइल्सवरचं तेल आधी गरम पाणी आणि खायच्या सोड्याची पेस्ट लावून वीस मिनिटं भिजत ठेवा, तेवढ्यात पंखे आणि जाळ्या होतात. बाथरूम शेवटी, आणि एका बाथरूममध्ये एकच माणूस.